अकरा नंबरचा रेचा

धावजीनं पेचकसाचं टोक रेच्याच्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्राच्या, बेअरिंगला टेकवलं, मूठ कानाशी लावली आणि डोळे मिटले. रेचा बंद होता. त्याचा पट्टा उतरवून खाली गुंडाळून ठेवलेला होता.

"बंद मशीनीत काय ऐकून राह्यला हा?" श्रीकृष्णभाऊंनी ओरडून विचारलं. कळंबच्या रस्त्यावरची ही जिनिंग त्यांचीच, पण ते दाराच्या आत आले नव्हते.

"परीक्षा आहे ना? घेऊ द्या त्याला त्याच्या पद्धतीनं," शुभदाताई तितक्याच मोठ्यानं म्हणाल्या.

शुभदाताईंनी रोजगार कार्यालयात एकतीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतर तुळशीला पाणी घालत बसायचं सोडून त्या एका लहानशा संस्थेत जात. सीमेपलीकडून आलेल्या माणसांना त्यांच्या हुन्नराचं काम मिळवून द्यायचं, आणि मालकांना पटवायचं की कागद मागू नका, एक दिवस काम देऊन बघा. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं त्या प्रत्येक ऑफिसात म्हणत. मालक मान डोलवत, चहा पाजत आणि मग आयटीआयचं सर्टिफिकेट मागत. धावजी सिंधमधल्या मिरपूरखासला बावीस वर्षं जिनिंगचा फिटर होता. पण त्याच्या एकूण एक कागदावर जो शिक्का होता तो बघितला की मालकाचा चहा तिथंच संपायचा.

आता सोमवारी मुदत संपत होती. इथं राहण्याची परवानगी दर वर्षी वाढवून घ्यावी लागे, आणि यंदा खिडकीमागच्या साहेबानं मालकाचं पत्र मागितलं होतं. पत्र नसेल तर धावजी, त्याची बायको रामीबाई आणि दोन मुली यांनी पुन्हा सरहद्द ओलांडणाऱ्या मुनाबावच्या गाडीत बसायचं. आज शनिवार होता.

श्रीकृष्णभाऊ तयार झाले ते काही शुभदाताईंच्या भाषणानं नव्हे. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसं होतं. २००७चा हंगाम, कापसाचे भाव पडलेले, निम्म्या जिनिंगांना कुलूप, चांगले फिटर आदिलाबादकडे गेलेले. त्यातून ह्या जिनिंगमध्ये फिटर टिकत नव्हता. दोन वर्षांत चौघं पळाले. डोमाजी नावाचा जुना मिस्त्री अकरा नंबरच्या रेच्यात हात अडकून गेला, आणि तेव्हापासून तो आतून ठोकतो, असं कामावरच्या बाया म्हणत.

"त्याले काई सांगू नका, ताई," भाऊंनी फोनवर एवढंच म्हटलं होतं. "ज्याले जायले जागा नाही, तोच टिकन."

शुभदाताईंचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. त्यामुळे न सांगणं त्यांना सोपं गेलं. तरी फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली होती. ती त्यांनी दोन दिवस कुणाला दाखवली नाही.

साडेबाराला जेवणाची सुट्टी झाली. पट्ट्यांनी सगळे रेचे फिरवणारा जमिनीखालचा लांब दांडा थांबला, बाकीचे एकोणीस रेचे थांबले, आणि हवेत तरंगणारी रुई हळूहळू खाली बसू लागली. उन्हाचे पट्टे सरकीच्या ढिगांवर पडले होते. एकाएकी एवढी शांतता झाली की शुभदाताईंना स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

मग ते आलं. ठक ठक. थोडं थांबून, ठक.

बायांनी डबे उचलले. कुणी ओरडलं नाही, कुणी पळालं नाही. लाइट गेल्यावर उठावं तशा त्या उठल्या आणि आवारातल्या कडुनिंबाखाली जाऊन बसल्या. एकटी रुखमाबाई, डोमाजीची बायको, दाराशी उभी राहिली. नवरा गेल्यावर भाऊंनीच तिला इथं कामाला लावलं होतं, आणि ते चारचौघांत सांगतही असत.

ठक ठक. ठक. आवाज अकरा नंबरच्या पोटातून येत होता. शुभदाताईंच्या तळपायांना तो फरशीतून कळला.

धावजीनं डोळे उघडले. कमरेचा पाना काढून त्यानं रेच्याच्या लोखंडी चौकटीवर दोनदा हलकेच वाजवलं. आत शांत झालं. मग आतून पुन्हा तेच आलं, या वेळी घाईघाईनं. धावजीनं वाकून पट्टा उचलला आणि दूर, भिंतीशी नेऊन ठेवला.

"मॅडम, इधर पहले मिस्त्री कौन था?"

"डोमाजी," त्या म्हणाल्या.

"वो बोलता है, हाथ अंदर है. पट्टा मत चढ़ाओ."

त्यानं सांगितलं ते अगदी साध्या सुरात. रेचे चालू असताना हॉलच्या दुसऱ्या टोकाला ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून त्यांच्याकडचे फिटर पान्यानं बोलतात. दोन आणि एक म्हणजे हात आत आहे. पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

"डोमाजीला कुठून येणार तुमच्याकडचं?" शुभदाताईंनी विचारलं.

"त्याचा उस्ताद तिकडलाच होता," दारातून भाऊ म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "फाळणीत आलता. आमच्या आजोबानं ठेवून घेतला. तवा कोनी कागद पाह्यले नाही."

शुभदाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. डोमाजीच्या प्रकरणाचा कागद त्यांनी जुन्या सवयीनं आधीच वाचला होता. इशारा न देता हात घातला, मजुराची स्वतःची चूक, असं मालकाच्या सहीनं लिहिलेलं होतं. म्हणून रुखमाबाईला भरपाई नाही. दुपारच्या सुट्टीतली गोष्ट, हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि पट्टा भाऊंनी स्वतः चढवला, हेही त्याच कागदात होतं. पण इशारा झालेला होता, तो आत्ता सगळ्यांनी ऐकला होता.

भाऊंनी ताईंना ऑफिसात नेऊन पत्र लिहिलं. अक्षर नीट काढलं. कायम फिटर, राहायला खोली, पगार बोलला होता त्याहून जास्त.

"थो आतून काय म्हनला, ते इथंच राहू द्या," पत्र देताना ते म्हणाले. "मानसाचं भलं होऊन राह्यलं ना, ताई?"

होत होतं. खरंच होत होतं, हेच वाईट होतं. शुभदाताईंनी पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं.

त्या परत आल्या तेव्हा रुखमाबाई धावजीजवळ उभी होती. त्याला तिची वऱ्हाडी उमगत नव्हती, म्हणून तो ताईंची वाट बघत होता.

"काय म्हनते थो आतून?" रुखमाबाईनं विचारलं. "याले समजलं, मी पाह्यलं दारातून."

शुभदाताईंच्या डोळ्यांपुढे रामीबाईच्या दोन मुली आल्या, शाळेच्या नव्या गणवेशातल्या.

"काही नाही हो. मशीन जुनं झालंय म्हणतो. बेअरिंग वाजतं."

रुखमाबाईनं मान हलवली. पदरावरची रुई एकेक करून वेचली.

"सत्तावीस वर्सं संसार केला मी त्याच्याशी," ती म्हणाली. "चुलीपाशी बसून पोराइले शिकवे थो हेच, फुंकणीनं ठोकून. मले समजते, ताई. दोन वर्सं एकलीच ऐकून राह्यली. पन बायकोचं कोन धरते? मिस्त्री पाह्यजे होता कोनी, सांगनारा."

शुभदाताईंचा चेहरा तापला. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी इतक्या हळू आवाजात पकडलं नव्हतं.

"क्या बोलती है बाई?" धावजीनं विचारलं.

आता मात्र त्यांनी सगळं सांगितलं. कागदावर काय लिहिलंय ते, पट्टा कुणी चढवला ते, आणि आपण आत्ता काय खोटं बोललो तेही. मग पत्र काढून त्याच्या हातात दिलं. धावजीनं ते उघडलं. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, तरी पुष्कळ वेळ बघत राहिला. पत्र खिशात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं.

"मैं बोलूंगा," शेवटी तो म्हणाला. "जहाँ बोलो वहाँ. पर बाई को पूछो, सोमवार तक रुकेगी?"

विचारताना त्यानं मान वर केली नाही.

ताईंना सांगावं लागलं नाही. रुखमाबाईला सोमवार आणि खिशातलं पत्र, दोन्ही समजलं होतं.

"मी थांबतो बाप्पा," ती म्हणाली. "दोन वर्सं थांबली, दोन दिवसाचं काय? पन त्याले तूच सांग."

तिनं अकरा नंबरकडे बोट केलं.

धावजी रेच्यापाशी जाऊन गुडघ्यावर बसला. पाना उचलला आणि तसाच धरून राहिला, कारण सोमवारपर्यंत थांब, हे कसं ठोकायचं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मग त्यानं एकदाच, हळू, चौकटीवर वाजवलं. तिघंही कान देऊन थांबली. बाहेर सुट्टी संपल्याची घंटा झाली, आणि आतून अजून काही आलं नव्हतं.