एकवीस डिसेंबरची सावली

"आबा, हलू नका. तुमची सावली मोजतेय."

मृणालीने टेपचं एक टोक प्रेमराज आबांच्या टाचेपाशी धरलं. दुसरं घेऊन गावातला शेतकरी भिकन त्यांच्या टोपीच्या सावलीपर्यंत गेला. माणसाच्या उंचीला सावली किती, यावरून घराची सावली काढायची होती. साडेबारा वाजत आले होते. आज एकवीस डिसेंबर. दुपारची सावली वर्षात सर्वांत लांब पडते तो दिवस. वीज कंपनीच्या एरंडोल कचेरीतून पाहणीला यायची तारीख मृणालीने स्वतः मागून घेतली होती.

आबांच्या घरामागच्या गायरानावर सौर पॅनल बसले, की गावातल्या पंपांना दिवसा वीज मिळणार होती. जागा चालेल की नाही, ते तिच्या अहवालावर ठरणार होतं.

"पास करी टाका मॅडम," भिकन म्हणाला. "मी रातले पानी भराले जास, तं पायखाले साप शे का दोरी शे, समजत नही."

आबा हसले. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "कोनी पोर शे व तू?"

"द्रौपदाबाईंची. आई लहानपणी तुमच्याकडे कापूस वेचायला यायची."

"कोनती द्रौपदाबाई?"

मृणालीने वहीत आकडा लिहिला. दहा वर्षांच्या द्रौपदाची सावली शेतातल्या माठावर पडली, म्हणून आबांच्या वडिलांनी माठ फोडला होता. तिला दहा पावलं लांब, उन्हात उभं केलं होतं. पावलं मोजली होती तरण्या प्रेमराजने. आई आजही स्वतःच्या घरातल्या माठाजवळून जाताना पदर आवरून अंग चोरते.

घराची सावली कुंपणाच्या आतच राहत होती. बाहेर येत होती ती फक्त गच्चीवरच्या संगमरवरी छत्रीची. आबांनी ती वडिलांच्या स्मरणार्थ बांधली होती. हिवाळ्याच्या सकाळी तिची सावली पॅनलच्या पहिल्या रांगेवर पडणार होती.

"छत्री उतरवावी लागेल," मृणाली म्हणाली.

"ती मना बापनी शे."

भिकनने टेप गुंडाळायला घेतला. वर न पाहताच म्हणाला, "आबा, बठ्ठा गावनं काम शे, सर्वासनं."

आबांनी गच्चीकडे पाहिलं.

"दुसरं काही व्हत नही का?"

अहवालात शेवटचा रकाना होता, 'पर्यायी उपाय'. गायरानात उत्तरेला भरपूर जागा होती. पहिली रांग आठ मीटर मागे सरकवली, तर छत्रीला हातही लावायला नको. हा हिशेब मृणालीने सकाळीच करून पाहिला होता. दोनदा.

"नाही," ती म्हणाली आणि रकान्यात आडवी रेघ मारली.

आबांनी खाली संमतीची सही केली. मग घराच्या पुढच्या बाजूला हात करत ते म्हणाले, "ऊन शे बेटा. पानी पी जाय."

पडवीच्या कडेला, उन्हात, माठ होता. मृणाली त्याच्यासमोर सूर्याकडे पाठ करून उभी राहिली. थोडी डावीकडे सरकली. तिच्या सावलीने माठ पुरता झाकला गेला, तेव्हा तिने पेला बुडवला.