सवतीची शेवटची शर्यत

आमच्या ह्यांना घोड्यांच्या शर्यतींचा नाद आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्या गळ्याकडे बघतात, काही शिल्लक आहे का ते पाहायला. आहे. हे पैसे लावत नाहीत. लावले असते तर कधीतरी हात पोळले असते, मुकाट्याने घरी बसले असते आणि माझे रविवार मला मिळाले असते. नुसत्या प्रेमाला तसा काही उतारा नाही.

प्रेम एकाच घोडीवर. तिचं कागदावरचं नाव लांबलचक आणि भारदस्त आहे. मी तिला सवत म्हणते. गडद तपकिरी रंग, कपाळावर पांढरा ठिपका, आणि स्वभाव असा की पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोड्यांना फिरवतात त्या रिंगणात, एकदा तरी कुणावर तरी कान पाडून धावून जाणारच. ह्यांना ते फार आवडतं. "मानी आहे," म्हणतात. मी तेच केलं की ती चिडचिड असते.

तिची पहिली शर्यत ह्यांनी डोळे भरून पाहिली. ती शेवटून पहिली आली. पुढच्या शर्यतीला ऐन मोक्यावर माझ्या थर्मासचं झाकण घरंगळत पायरीखाली गेलं, हे ते शोधायला वाकले आणि वर येईपर्यंत सवत जिंकून मोकळी. त्यानंतर पुन्हा पाहिलं, पुन्हा हरली. झालं! ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलं की आपण बघितलं की ती बुजते. तेव्हापासून ती धावताना हे मैदानाकडे पाठ करून उभे राहतात. निवेदकाचं ऐकणं म्हणजेही चोरून बघणंच, म्हणून कानांत कापूस. नंतर टीव्हीवर दाखवतात, तेही बघत नाहीत. म्हणतात, घोडीला फसवल्यासारखं होतं.

मग कळणार कसं? त्यासाठी मी. मी स्टँडच्या वरच्या पायरीवर, हे खालच्या, तोंड माझ्याकडे. मी मैदानाकडे बघायचं आणि ह्यांनी माझ्या तोंडाकडे. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, नुसतं बघायचं. मी म्हणजे जशी काही स्टेशनवरची वेळापत्रकाची पाटी. मागच्या रांगेत एक निवृत्त पोस्टमन बसतात, ते दर वेळी विचारतात, "वहिनी, आज तोंड धुऊन आलात ना? साहेबांना नीट दिसायला हवं." मी हसते, पण अंगात त्राण असतं असं नाही. आठवडाभर मी दुकानात लोकांच्या पँटी आखूड करते, कॉलर उलटवते, चेन बदलते. हे लिफ्ट दुरुस्त करायचे. आयुष्यभर त्या अंधाऱ्या खड्ड्यांत चढउतार करून ह्यांचे गुडघे कामातून गेले आहेत. रविवारी दोन थकलेली माणसं वारा खात सिमेंटच्या पायऱ्यांवर उभी. कशासाठी, तर एका घोडीसाठी, जिला आमचा पत्ताही नाही.

मग बातमी आली की ह्या हंगामात सवत शेवटची धावणार. तिच्या ट्रेनरने जाहीर केलं, नंतर तिला दूर कुठल्याशा फार्मवर पाठवणार, शिंगरांसाठी. लेक जेवायला आली होती. ती म्हणाली, "आई, बाबांना एकदा तरी ती धावताना बघू दे. नाहीतर जन्मभर हळहळत बसतील, आणि ऐकायचं तुलाच."

"मी काय डोळे बांधलेत त्यांचे?" मी म्हटलं. "अहो, बघणार का?"

ह्यांनी ताटातून मान वर केली नाही. "आणि हरली तर? जाता जाता माझ्यामुळे?"

"अहो, घोडी आहे ती. तिला काय माहीत तुम्ही कुठे बघताय!"

लेक गेल्यावर गुडघ्याला मलम चोळता चोळता स्वतःहूनच म्हणाले, "बघावंसं वाटतं गं. फार वाटतं. पण धीर होत नाही."

तेव्हाच मी मनाशी ठरवलं की ह्या माणसाला ही घोडी दाखवायचीच. ह्यानंतर ती कुठे धावणार होती?

त्या रविवारी आभाळ भरलेलं होतं आणि वारा बोचत होता. पॅडॉकमध्ये सवतीने जॉकीला पाठीवर घेताना दोनदा झटकलं, आणि हे कठड्याला धरून लेकीची पाठवणी असल्यासारखे उभे राहिले. मी दोनदा म्हटलं, "आज बघा." दोन्ही वेळा नाही म्हणाले. मग आम्ही आमच्या पायऱ्यांवर गेलो. ह्यांनी कापूस घातला, पाठ फिरवली आणि माझ्या तोंडावर नजर लावली.

घोडे सुटले. सवत मधल्या घोळक्यात होती, मग हळूहळू बाहेरून पुढे आली. वळण संपलं तेव्हा ती सगळ्यांच्या पुढे होती, मान लांब केलेली, चाल अशी मोकळी की मला माझ्या पायांचं दुखणं आठवेना. आणि ज्याने तिच्यासाठी इतके रविवार घालवले तो माणूस तिच्याकडे पाठ करून उभा! मला ते सहन झालं नाही. मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"काय झालं?" हे ओरडले. कानात कापूस, त्यामुळे अर्ध्या स्टँडला ऐकू गेलं. "पडली? अगं, पडली का? हात काढ!"

मी हात काढले नाहीत. ह्यांनी माझं मनगट ओढलं, मी आणखी घट्ट धरलं. मला वाटलं, मी फार वाईट बाई आहे. तेवढ्यात मनगटावरचा हात सुटला.

बोटांच्या फटीतून पाहिलं तर हे वळले होते. शर्यत चालू असताना ह्यांची पाठ मला पहिल्यांदाच दिसत होती. कोटाची कॉलर मागून पार विरली होती, आणि मी गावभर लोकांच्या कॉलरी नीट करत हिंडते. त्यांच्या खांद्यावरून मला सवत दिसली, अजून पुढेच. ऐन शेवटाला बाहेरच्या बाजूने एक तरणा करडा घोडा आला, तिच्या बरोबरीला लागला आणि रेषेपाशी मानभर पुढे गेला.

सवत दुसरी आली. लोक ओरडले, थांबले, पुढच्या शर्यतीचं बोलू लागले. हे तसेच उभे. मग एकेका कानातला कापूस काढून खिशात घातला आणि माझ्या शेजारी येऊन बसले. मी बोलणी खायची तयारी करून बसले होते.

"निदान पाहिलंत तरी," मी म्हटलं.

"हं. छान धावते."

"मग?"

हे रिकाम्या मैदानाकडे बघत होते. रागावलेले नव्हते, दमलेले होते, आणि थोडे गोंधळलेले.

"इथून फार लहान दिसते गं," म्हणाले. "कोण कुठला घोडा तेही धड कळत नाही. तुझ्या तोंडावर ती कितीतरी जोरात धावायची."

पाय दुखत होते, घरी जाऊन पडावंसं वाटत होतं, आणि पुढच्या रविवारपासून माझ्या तोंडाकडे असं जीव टांगणीला लावून बघणारं कुणी नव्हतं. मला रडू फुटलं.

"अगं, हरली म्हणून?" ह्यांनी घाबरून विचारलं.

मी हो म्हटलं.