अंजूच्या डब्यातली उत्तरं

अंजूचा पेपर सर्व्हरवर पोचलाच नव्हता. लातुरातल्या त्या कोचिंग क्लासच्या परीक्षा हॉलमध्ये तिथले कॉम्प्युटर सांभाळणारी कहकशां कीबोर्डवर वाकून बसली होती आणि दाराशी ती पोरगी ओठ चावत उभी होती. किनवटकडच्या आश्रमशाळेतून आलेली. या परीक्षेत नंबर लागला तर दोन वर्षं शिकवणी, राहणं, खाणं सगळं फुकट. नाही तर डॉक्टरकीचं नाव विसरायचं. निकाल त्याच संध्याकाळी लागायचा होता.

"मॅडम, माझंच का दिसंना?"

"दिसंल गं. तेच बघून राहिले ना मी. थांब जरा."

हॉलमधल्या प्रत्येक बाकावर पुस्तकाएवढा एक काळा डबा होता. कॉम्प्युटरच, पण स्वतःची डिस्क नसलेला. पोरांची उत्तरं तारेतून सर्व्हरच्या फोल्डरमध्ये जायची, आणि त्यासाठी डबा सुरू होतानाच ते फोल्डर त्याला जोडलं जावं लागे. याला माउंट होणं म्हणतात. त्या दिवशी परीक्षेच्या तोंडावर लाइट गेली आणि आली. डबे चुटकीसरशी उठले, सर्व्हर आपला सावकाश. बाकीच्या डब्यांनी त्याला पुन्हापुन्हा हाका मारून फोल्डर मिळवलं. अंजूच्या डब्याची तार सॉकेटात ढिली होती. त्यानं दोनचार हाका मारल्या, नाद सोडला, आणि कुणाला कळूही दिलं नाही. असल्या मुक्या यंत्रांचा कहकशांला भारी संताप येई.

तार दाबताच सर्व्हर सापडला. पण घाईनं माउंट केलं असतं तर सर्व्हरचं फोल्डर वर बसलं असतं आणि खालचं सगळं झाकलं गेलं असतं. म्हणून तिनं आधी डब्याच्याच पोटात डोकावलं. तिथं त्याच नावाचं फोल्डर होतं आणि त्यात अंजूची सगळी उत्तरं! डिस्क नसल्यानं ती नुसत्या मेमरीत होती, लाइट असेपर्यंतच तिथं राहणार होती. आता फक्त उचलून सर्व्हरवर ठेवायची. तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात भुईतून गडगड आली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

कहकशां औशाकडची. भूकंपानं गाव जमीनदोस्त झालं तेव्हा ती सात वर्षांची होती. त्यानंतर तिच्या आईनं, सुलतानबीनं, घरात एकच शिस्त लावली: भुईचा आवाज आला की आधी लाइटचा मेन स्विच पाडायचा, मग हाताला लागेल त्या माणसाला ओढत बाहेर न्यायचं. विचारबिचार नंतर.

तिनं धावत जाऊन मेन पाडला. "बाहर निकल! जल्दी निकल!" असं किंचाळत अंजूचं मनगट धरलं आणि तिला फरफटत जिना उतरवून अंगणात आणलं.

धक्का एवढासाच होता. एक फरशीसुद्धा तडकली नाही. जमलेली माणसं हसायलाही लागली, आणि मग कहकशांला डब्यातली उत्तरं आठवली.

"लाइट गेली वाटतं," क्लासचे मालक व्यंकटराव म्हणाले. "वायरमनला फोन लावा रे."

तिनं गप्प बसायचं ठरवलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण समोर ती पोरगी होती.

"न्हाई सर, मेन मीच पाडला. हिचा पेपर डब्यातच होता, तो माझ्या हातानं गेला. हिला परत बसू द्या."

व्यंकटराव चिडले. बाकीचे पालक काय म्हणतील, निकाल कधी लावायचा, बरंच बोलले. मग पोरीकडे बघून नरमले. "दुसरा पेपर काढा. पण आत्ताच बसायचं. उद्यावर न्हाई जमणार."

कहकशांला हायसं वाटलं. ती वळली. अंजू भिंतीला टेकून गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मनगटावर बोटांचे वळ लाल उमटले होते.

"चल बेटा, सर बसू देतायत."

"मी आत जाणार न्हाई."

"अगं, थांबलंय सगळं. काही होत न्हाई आता."

"मग तुम्ही तसं का वरडलात?"

किनवटच्या पोरीनं भूकंप कुठला पाहिलाय? तिनं पाहिला होता फक्त कहकशांचा चेहरा. कहकशांला स्वतःला त्या वर्षी छपराखाली न्यायला आईला कित्येक महिने लागले होते, आणि इथं व्यंकटराव दारात उभे राहून घड्याळ बघत होते.

'चल, मी तुझ्या शेजारी बसते,' असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि वर त्या हॉलच्या खिडक्यांकडे बघितलं. तेव्हा तिला कळलं की तिचेही पाय उचलत नाहीत.