सोडलेल्या जागा

डॉक्टरांचा आवाज कानात पडायला लागून पेडलताईला नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षांत तिने त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. ते दूरच्या एका इस्पितळात बसून दिवसभर एक्स-रे बघत आणि काय दिसतं ते इंग्रजीत रेकॉर्ड करून ठेवत. ते रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी इकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या बारा टेबलांच्या खोलीत येई. ताई हेडफोन लावून ते टाइप करी. आवाज थांबवायला आणि मागे न्यायला पायाखाली पेडल असे. जेवणाच्या सुट्टीतही तिचा उजवा पाय आपोआप हलायचा, म्हणून हे नाव पडलं.

कामाचा एक नियम होता. शब्द कळला नाही तर अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायचं नाही, तिथे रिकामी जागा सोडायची. त्या जागांची यादी डॉक्टरांकडे जाई आणि पुढच्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ते शब्द सांगत. बाकीचे डॉक्टर स्पेलिंग फेकून मोकळे होत, एखादा वर खेकसतही असे. हे डॉक्टर मात्र पहिल्याच वेळी मराठीत म्हणाले होते, "बाई, कालचा तुमचा शब्द पटेला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटी थाळी. आपण गुडघ्याची वाटी म्हणतो ना, तेच हाड. भांडं त्यांनाही दिसलं आणि आपल्यालाही." मग कागद उलटल्याचा आवाज, आणि पुढचा पेशंट.

ताईने ते चार वेळा मागे नेऊन ऐकलं. ती भावाकडे राहायची. वहिनी काही वाईट नव्हती, पण तिला बोलायला नवरा होता, मुलं होती. ताईच्या वाट्याला "गॅस बंद केलास का" आणि "दाराला कडी घाल" एवढंच यायचं. आपल्यासाठी कुणीतरी थांबून, शब्द शोधून काही समजावून सांगतंय, ही गोष्ट तिच्या आयुष्यात शाळा सुटल्यापासून घडली नव्हती.

मग शब्द येत गेले. क्लॅव्हिकल म्हणजे गळ्याखालचं हाड, मूळ अर्थ छोटी किल्ली. मनगटातलं स्कॅफॉइड, ग्रीकांना ते होडीसारखं वाटलं. कॉक्सिक्स हे माकडहाड, आणि त्यांनी त्याला नाव दिलं कोकिळेचं, कारण आकार तिच्या चोचीसारखा. "आपण माकड काढलं, त्यांनी पक्षी. पसंती आपली आपली, बाई," डॉक्टर म्हणाले तेव्हा ताई एवढ्या मोठ्याने हसली की शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीने हेडफोन काढून विचारलं, "हाडं मोडल्याचं ऐकून एवढं हसू कसलं येतंय गं तुला?" स्नायूचा इंग्रजी शब्द मुळात छोटा उंदीर आहे, हे कळलं त्या संध्याकाळी ताईने आरशासमोर दंड फुगवून पाहिला. उंदीर फारसा पळाला नाही. मग तिने गळ्याखालच्या किल्लीवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. त्या शरीराकडे इतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं, तिने स्वतःनेही नाही.

दोन वर्षांत ताईला सगळं येऊ लागलं, आणि तिथेच पंचाईत झाली. माणसाला हाडं ती किती असणार? रिकामी जागा सोडायला कारणच उरेना. रेकॉर्डिंग लागलं की थेट पेशंटचं नाव, वय, डावा पाय, उजवा खांदा. मराठीत एक अक्षर नाही. तीन आठवडे ताईने ते कसंबसं सोसलं. चौथ्या आठवड्यात तिने 'स्टर्नम' या शब्दाशी, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाशी, बोटं थांबवली. तो शब्द तिला झोपेतून उठवून विचारला असता तरी आला असता. तिने जागा सोडली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तीस सेकंद तिच्याशी बोलले.

तेव्हापासून दर दोन-चार दिवसांनी ती एखादी जागा सोडू लागली. चोरीच होती ती, तिला ठाऊक होतं. तातडीच्या अहवालात मात्र तिने कधी जागा सोडली नाही, एवढं इमान राखलं. डॉक्टर तेच तेच शब्द पुन्हा सांगत, कधी नवा दाखला देऊन, आणि एकदाही म्हणाले नाहीत की हे सांगून झालंय.

त्यांनी म्हटलं नाही, पण मोजलं होतं. एका शुक्रवारी सकाळी मोठ्या बाईंनी, म्हणजे खोलीच्या प्रमुखांनी, तिला बोलावलं आणि डॉक्टरांचं पत्र पुढे सरकवलं. टाइप करणाऱ्या बाई फार मेहनती आहेत, असं लिहिलं होतं. पण पूर्वी येणारे शब्द त्यांना पुन्हा पुन्हा अडतात. कानाचा त्रास असेल किंवा थकवा. कृपया रागावू नये, सोपं काम द्यावं.

"भला माणूस आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "दुसऱ्याने तक्रार ठोकली असती. सोमवारपासून तू भरती झालेल्या पेशंटच्या याद्या कर. नावं आणि पत्ते, डोक्याला ताप नाही."

खरं सांगावं तर इतकी वर्षं फसवलं असं होई. गप्प बसावं तर आवाज जाई. ताई "बरं" म्हणून जागेवर आली आणि शेवटचं रेकॉर्डिंग लावलं.

त्यात सतरा अहवाल होते. तिने एकही जागा सोडली नाही. सोळाव्यात, मनगटाच्या एक्स-रेमध्ये, डॉक्टर चुकून फिब्युला म्हणाले. फिब्युला पायात असतं. चूक दिसली तर टाइप करणाऱ्याने स्वतः बदल करायचा नाही, खाली शेरा लिहायचा. ताईने लिहिलं, 'हे मनगट आहे. फिब्युला पायाचं हाड, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ टाचणी. इथे हाताचं अल्ना हवं.' टाचणीची काही गरज नव्हती. तरी तिने ती ठेवली आणि अहवाल पाठवून दिला. आता त्यांना कळेल, असं मनात आलं.

सोमवारी ती याद्या करत बसली होती. डॉक्टरांचं काम चष्मेवालीकडे गेलं होतं. अकराच्या सुमारास तिने ताईच्या खांद्याला हात लावला. "हे तुझ्यासाठी आहे बहुतेक."

ताईने तिचा हेडफोन कानाला धरला.

"आधीच्या बाईंना सांगा, अल्ना बरोबर," डॉक्टर म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "त्यांना सगळं येत होतं तर. मग त्या मला का विचारत होत्या?" मग कागद उलटल्याचा आवाज, आणि पुढच्या पेशंटचं नाव.

ताईने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. उत्तर तिच्या ओठांवर होतं: तुम्ही बोलावं म्हणून, डॉक्टर. तुमच्याखेरीज माझ्याशी कुणी बोलत नाही.

"काय कळवू?" चष्मेवालीने विचारलं. "शेरे मोठ्या बाई वाचतात हं आधी. आणि जागा का सोडली याची कारणं इथे ठरलेलीच आहेत, त्यातलं एक निवडावं लागतं. शब्द अपरिचित, आवाज अस्पष्ट, रेकॉर्डिंग खराब."

शब्द अपरिचित म्हणावं, तर डॉक्टर आता ते मानणार नव्हते.

"आवाज अस्पष्ट," ताई म्हणाली. "तेच टाक."

चष्मेवालीने ते टाकलं, आणि ताईने हेडफोन काढून तिच्या हातात दिला.