रविवारची अट

कचऱ्याच्या धंद्यात कसला आलाय अभिमान, असं मला बँकेतल्या एका बाईने तोंडावर विचारलं होतं. मी म्हटलं, बाई, तुझ्या दारातला डबा आठवडाभर तसाच राहू दे, मग सांगते. तिने मान खाली घालून माझ्या स्लिपवर शिक्का मारला. मी ट्रेना टिमरहोफ. लिंडेन ग्रोव्ह गावाचा कचरा माझा भाऊ हार्म उचलतो, त्याच्याआधी आमचे पपा उचलायचे, आणि ऑफिसातला फोन जन्मभर मी उचलत आलेय. लग्न केलं नाही. भांडायला भाऊ होता, त्यात आणखी माणूस कशाला आणायचा?

शिकागोच्या पश्चिमेला आमच्यासारखी डच घरं पुष्कळ, आणि त्यातली निम्मी कचऱ्याच्या धंद्यात. एकेकाने आपापले ट्रक मोठ्या कंपन्यांना विकले आणि फ्लोरिडात जाऊन पाय पसरून बसले. हार्मने विकले नाहीत. त्याच्याकडे अकरा माणसं कामाला, आणि मोठं गिऱ्हाईक एकच, आमचं गाव. ते कंत्राट गेलं की टिमरहोफ संपले, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

त्या वर्षी कंत्राटाची मुदत संपली आणि टाउन हॉलमध्ये नव्या निविदा उघडल्या. पाकिटं उघडत होता ब्रेंट कोल्टन, गावाचा मॅनेजर, म्हणजे गावाचा कारभार बघणारा पगारी अधिकारी. आमच्याच गावात वाढलेला, आता टाय लावून फिरतो. सगळ्यात कमी दर आमचा निघाला. हार्मचा मुलगा गॅरेट शेजारी बसला होता, त्याने माझा हात असा दाबला की अंगठी रुतली. मग कोल्टनने पुढची पानं उलटली आणि थांबला.

"हे काय आहे?"

त्या वर्षी अटींमध्ये एक नवी अट घातलेली होती. गावाने सांगितल्यास ठेकेदाराने रविवारीही कचरा उचलावा. आमच्या निविदेत त्या ओळीवर पेनाने आडवी रेघ मारलेली होती, शेजारी लिहिलेलं होतं, 'रविवारी नाही', आणि खाली हार्मची सही.

मी हार्मकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

"तू खोडलंस?"

"हो."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर खोडू दिलं असतंस?"

"मुळीच नाही!"

"म्हणूनच."

अटी बदललेली निविदा बाद, असं कोल्टनने जाहीर केलं. कंत्राट गेलं दुसऱ्या नंबरवाल्याला, म्हणजे हिरव्या ट्रकवाल्या मोठ्या कंपनीला. त्यांचा माणूस मागच्या बाकावर चकचकीत बूट घालून बसला होता. त्याला आश्चर्य वाटलेलं काही दिसलं नाही. लाच-बिच कुणी घेतली असं मी म्हणत नाही. कोल्टनला नवे कोरे ट्रक हवे होते, म्हातारा हार्म नको होता, एवढंच मला दिसत होतं.

आता रविवारचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, काय हा हट्ट.

आमचे पपा घोडागाडीवर कचरा न्यायचे. घोड्याचं नाव ब्लेस. सहा दिवस गाव पपांना "ए हॅरी" म्हणून हाक मारायचं. त्यांचं नाव हॅरी नव्हतंच, हेंड्रिक होतं, पण विचारतो कोण? गाडी दारात आली की बायका नाकाला रुमाल लावायच्या. शनिवारी संध्याकाळी आई पाणी तापवायची आणि पपा कातडी लाल होईपर्यंत अंग घासायचे. रविवारी सकाळी काळा सूट, काळी हॅट, आणि मेन स्ट्रीटवरून चर्चला चालत निघायचे. मागे आई, आम्ही पोरं. रस्त्यात तेच पुरुष, त्याच बायका. आता मात्र हॅट उचलून म्हणायचे, "गुड मॉर्निंग, मिस्टर टिमरहोफ." हार्म पपांचा हात धरून चालायचा आणि दर वेळी मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघायचा. एकदा मांसाच्या कारखान्याने रविवारच्या कामाला दुप्पट पैसे देऊ केले. पपा नाही म्हणाले आणि ते गिऱ्हाईकच हातचं गेलं. तो सगळा हिवाळा आम्ही बटाट्यांवर काढला. रविवार पाळणं ही देवाची आज्ञा, ते तर खरंच. पण मला विचाराल तर पपांना देवाइतकीच ती 'मिस्टर'ची हाक प्यारी होती.

तर आम्ही गावाला कोर्टात खेचलं. निकाल लागेपर्यंत कचरा आम्हीच उचलायचा होता. आमची वकील मॉरीन कीगन. आयरिश, कॅथलिक, एकावर एक सिगारेटी ओढणारी, पण भांडायला एकदम पक्की. सुनावणीआधी ती आमच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायला बसली.

"हार्म, नीट ऐक. रेघ मारणं ही किरकोळ चूक होती, असं जजला पटवलं तर आपण जिंकतो. गावाचा वकील तुला एकच विचारणार. गावाने सांगितलं तर रविवारी येशील का? तू म्हणायचं, हो. बस्स."

हार्म बशीत कॉफी ओतत राहिला.

गॅरेट काकुळतीला आला. "पपा, रविवारी कुणी बोलावणारही नाही कदाचित. नुसतं 'हो' तर म्हणायचंय."

"मग नुसतं 'नाही' म्हणायला काय हरकत आहे?"

माझा तोल सुटला. "हरकत? अकरा घरं आहेत रे तुझ्या त्या 'नाही'वर! तुझ्या ट्रकवरच्या डर्कच्या बायकोला बाळ व्हायचंय, ठाऊक आहे ना? तिला जाऊन सांग तुझा रविवार!"

"ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला. त्याची कॉफी तशीच राहिली. तो रात्रीचा जेवलाही नाही, हे मला दुसऱ्या दिवशी वहिनीकडून कळलं.

सुनावणी मंगळवारी होती. मी आपला चांगला निळा कोट घालून मॉरीनबरोबर आधी जाऊन बसले. हार्म आला तो थेट कामावरून. जाड बूट, मळकी पँट, गुडघ्यावर कसलासा डाग.

"हे काय सोंग? सूट कुठाय तुझा?"

"सूट रविवारचा आहे."

पर्स त्याच्या डोक्यात हाणावी असं वाटलं. पण तो हातातली टोपी नुसती गोल गोल फिरवत होता, म्हणून मी पर्समधली पेपरमिंटची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की ठेवते तशी.

जज डिमार्को झुपकेदार मिशांचे, झोप आल्यासारखे डोळे. गावाचा वकील मात्र चांगलाच तरतरीत. उभा राहिला तो सलगीनेच बोलायला लागला, जसा काही हार्म त्याच्या अंगणातलं गवत कापणारा.

"हार्म, आपण सगळे एकमेकांना ओळखतो. सरळ सांगून टाक. गावाने म्हटलं, रविवारी ये. येशील?"

गॅरेटने मान खाली घातली. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, देवा, याला एकदाच खोटं बोलू दे, पुढचं मी बघते.

"नाही," हार्म म्हणाला.

मॉरीनने कपाळाला हात लावला.

"सहा दिवस मी गावाचा कचरा उचलतो," हार्म बोलायला लागला. "बर्फ असो, पूर असो, नाताळची आदली सकाळ असो. सातव्या दिवशी मी कुणाचा कचरेवाला नाही. माझे पपा नव्हते, मीही नाही. यापायी कंत्राट जात असेल तर माझ्या माणसांसमोर मान वर करायला मला जड जाईल. पण येतो म्हणून सही करायची आणि मग यायचं नाही, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. मी गावाला कधी फसवलेलं नाही."

अहो, मी त्याचा गळा दाबायच्या तयारीने बसले होते! आणि माझीच छाती अशी भरून आली की कोटाची बटणं तुटतात की काय. आम्ही बुडालो होतो, मला स्वच्छ दिसत होतं, आणि तरी वाटत होतं की उठून सगळ्या कोर्टाला ओरडून सांगावं, हा माझा भाऊ आहे.

गावाचा वकील हसत खाली बसला. पण मॉरीन उठली. कपाळावरचा हात तिने कधी काढला मला कळलंच नाही. तिने कोल्टनला बोलावलं.

"मिस्टर कोल्टन, तुम्ही याच गावात वाढलात. लहानपणी टिमरहोफांचा ट्रक रविवारी कधी बघितलात?"

"नाही."

"ते रविवारी काम करत नाहीत, हे गावात कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"सगळ्यांनाच आहे." बोलून गेला आणि मग त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे अट लिहिताना तुम्हालाही ठाऊक होतं. मग ही अट घातली कशाला?"

"उन्हाळ्यात बागेत जत्रा असते. रविवारी कचरा साठतो."

"इतकी वर्षं तो कोण उचलायचं?"

"सोमवारी पहाटे... हार्मच."

"कुणी तक्रार केली?"

कोल्टन टायशी खेळायला लागला. तेवढ्यात जज जागे झाले. म्हणजे झोपलेले नव्हतेच बेटे. त्यांनी मागे बसलेल्या मोठ्या कंपनीच्या चकचकीत बूटवाल्याला उभं केलं आणि विचारलं, "तुम्ही या अटीवर सही केलीत. रविवारी ट्रक कोण चालवणार?"

"सर, तशी माणसं अजून नेमलेली नाहीत. आम्हाला सांगितलं होतं की ती अट नावापुरतीच आहे."

"कुणी सांगितलं?"

त्याने कोल्टनकडे बघितलं. कोल्टनने टायची गाठ सैल केली.

जज म्हणाले, "म्हणजे रविवारी यायची तयारी इथे कुणाचीच नाही. फरक एवढाच की या गृहस्थांनी तसं लिहून दिलं, आणि बाद झाले ते हेच. ज्या अटीचं गावाला काही काम नाही, आणि जिच्यामुळे एकच माणूस बाहेर राहतो, तो कोण हे आधीच ठाऊक असताना, ती अट मी चालू देणार नाही." त्यांनी निविदा रद्द केल्या. रविवारची अट काढून नव्याने मागवा, असा हुकूम दिला. मग कागद बाजूला सारून म्हणाले, "मिस्टर टिमरहोफ, तुम्ही निघा आता. तुमची फेरी राहिली असेल."

हार्म जागचा हललाच नाही. मी बाही ओढली तेव्हा उठला.

बाहेर मॉरीनने सिगारेट पेटवली. "गाढवा, तू 'हो' म्हणाला असतास ना, तर ती अट तुला अडवतच नाही असं झालं असतं. मग मी कोल्टनला विचारणार काय होते, डोंबल?"

"मला त्यातलं काही कळत नाही," हार्म म्हणाला.

"ते दिसतंच आहे," ती म्हणाली आणि त्याच्या पाठीत एक धपका घातला.

पुढे निविदा पुन्हा उघडल्या, कंत्राट आम्हालाच मिळालं, डर्कला मुलगी झाली, हे सगळं गावाला ठाऊक आहे. मला सांगायचंय ते त्या दिवशीचं, ट्रकमधलं. मॉरीनच्या गाडीत धुराने जीव गुदमरतो, म्हणून निळा कोट सांभाळत मी हार्मच्या शेजारी चढून बसले. रेल्वेच्या फाटकावर मालगाडी आडवी आली. हार्मने इंजिन बंद केलं.

"ट्रेना, जजने मला काय म्हटलं, ऐकलंस?"

"अट काढली म्हणाला. ऐकलं की."

"ते नाही. शेवटी."

"मिस्टर टिमरहोफ म्हणाला."

हार्मने खाली आपल्या पँटकडे बघितलं, गुडघ्यावरच्या डागाकडे. त्यावर अंगठा घासला. तो डाग काही जाणारा नव्हता.

"मंगळवार आहे आज," तो म्हणाला. "पपांना त्यासाठी सूट घालावा लागायचा."

तो आपल्या बाजूच्या काचेतून बाहेर बघायला लागला. मीही तोंड खिडकीकडे फिरवलं, म्हाताऱ्या बाईने ट्रकमध्ये बसून रडताना कुणी बघायला नको. मालगाडीचा शेवटचा डबा गेला, फाटक वर झालं, आणि हार्मने नाक ओढून ट्रक सुरू केला. फेरीतल्या दोन गल्ल्या राहिल्या होत्या.