सीमाचा खराखुरा वाढदिवस

मुलांनो, जरा कल्पना करा: तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, एक जूनला! काठी गावच्या सीमाच्या वर्गात अगदी तसंच होतं. जन्मतारीख कोणाला ठाऊक नसली की शाळेत तीच लिहून टाकत. सीमाला मात्र स्वतःचा, खराखुरा दिवस हवा होता. म्हणून जन्माच्या दाखल्यासाठी ती आजीला, तुळशीबाईला घेऊन नंदुरबारच्या कचेरीत आली होती.

तिथे नवंकोरं यंत्र बसवलं होतं. आपण मराठीत बोलायचं, अर्ज ते लिहिणार!

"आपा, आते सगळं हाई मशीनच लिखी," शिपाई रूपचंद कारकून अख्तरबानोंना चिडवत होता. "तुम्ही काय माश्या मारशात?"

"मारसू ना! पहिले तुन्हा चहामधली!"

पूर्वी लिहिता लिहिताच अख्तरबानोंचा दिवस मावळायचा. विचारपूस करायला सवड कुठली? आज त्या खुर्ची सोडून थेट बाकावर आजीशेजारी येऊन बसल्या.

"आजी, ही जन्मली तेव्हा गावात काय चाललं होतं?"

आजी आपल्या बोलीत सांगू लागली आणि सीमा ते मराठीत यंत्राला सांगू लागली. वर्ष ठाऊक होतं. होळीचे दिवस होते. बाप उदेसिंग बावा झाला होता, म्हणजे व्रत धरून, अंगाला राख फासून, कमरेला भोपळे बांधून होळीपुढे नाचत होता.

यंत्राने झटकन त्या वर्षीच्या होळीची तारीख दाखवली.

"झालं काम!" रूपचंदने टाळी वाजवली.

"नाही ना, काका!" सीमा ओरडली. "आमच्याकडे काठीची होळी झाली की पुढच्या गावची, मग त्याच्या पुढची! बावा सगळीकडे नाचतात. बाप घरी येऊन भोपळे सोडत होता, तेव्हा मी जन्मले!"

यंत्राला बिचाऱ्याला एकच होळी ठाऊक! अख्तरबानोंचे डोळे चमकले. "मग गावं सांगा, आजी. एकेक करून."

आजी एकेका रात्रीच्या गावाचं नाव घेत एकेक बोट मिटू लागली. सीमा यंत्राला सांगत गेली. पडद्यावरची तारीख एकेक दिवस पुढे सरकत होती. शेवटचं बोट मिटलं. तारीख थांबली.

"असं नुसतं ऐकून दाखला देता येत नाही हं," अख्तरबानो म्हणाल्या आणि त्यांनी काठी गावात बाळंतपणं करणाऱ्या नर्सबाईंना फोन लावला.

"उदेसिंगची मुलगी?" नर्सबाई फोनवर खळखळून हसल्या. "तो राखेच्या अंगानंच लेकीला बघायला आत घुसत होता. म्हटलं, आधी आंघोळ कर, मग ये! थांबा, नोंद बघून तारीख सांगते."

फोनवर पानं उलटल्याचा आवाज आला. नर्सबाईंनी तारीख वाचली. तीच!

सीमाने टुणकन उडी मारली. मग तिने आजीचा हात धरला, तिला यंत्रापुढच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "आपा, आता आजीचा वाढदिवस शोधू!"