मी न मारलेली उडी

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या स्टँडवर उतरलात, तर पाण्याच्या टाकीजवळ काळ्या-पिवळ्या रंगाची एक जुनी जीप दिसेल. ती मी. बावीस फुटांचा ओढा उडून ओलांडताना तुम्ही मला पडद्यावर पाहिलंही असेल. त्या उडीचं खरं काय ते मीच सांगते.

माझा जन्म नाशिकच्या कारखान्यातला. सुरुवातीची वर्षं हिंगोलीच्या एका गुत्तेदाराकडे, म्हणजे ठेकेदाराकडे, सिमेंट वाहण्यात गेली. मग थावरा राठोडनं मला घेतलं. थावरा तांड्यावरचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. अठरा वर्षं तो मला गोरेगाव ते सेनगाव चालवतोय. माणसं बसताना जागेवरून कुरकुरतात आणि उतरताना एकमेकांच्या पिशव्या काढून देतात. हे मी रोज पाहते.

गेल्या हिवाळ्यात थावराचा भाचा रणजीत यानं चित्रपट काढायचं ठरवलं. नायक तोच, दिग्दर्शकही तोच. शेवटी नायक जीप घेऊन पडक्या पुलावरून ओढ्यापार उडी मारतो, अशी गोष्ट होती. घरची जीप मीच, त्यामुळे निवड लवकर झाली.

"मामा, खरीच उडवू," रणजीत म्हणाला.

प्रतिक्षा तिथंच उभी होती. भीमराज गुरुजींची ही मुलगी. पुण्याला चार वर्षं संगणकावर चित्रपटांतली दृश्यं तयार करत होती. वडिलांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी गावी आली होती. "संगणकावर करू," ती म्हणाली. "आत माणूस बसणार हाय, रणजीत."

"कार्टून दिसंल ते. लोक हसतील."

"मी बसतो की," थावरा मध्येच बोलला. "अठरा वरसं चालवून राहिलो. माझ्याबिगर कोण उडवंल हिला?"

तो आवाज मला नवीन होता. एकाच रस्त्यावर आयुष्य घातलेल्या माणसाला, आपल्याकडे एकदा तरी कुणी बघावं, असं वाटलं असावं.

प्रतिक्षानं वाद घातला नाही. "मला हिचे फोटो तर काढू द्या," म्हणाली. तिनं टेपनं मला मोजलं, चहूबाजूंनी दोनशे फोटो काढले, मग पोतं अंथरून माझ्याखाली शिरली. बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं.

"काका, म्होरच्या स्प्रिंगच्या पाट्याजवळ तडा हाय. वेल्डिंग मारलंय, तेबी उकललंय."

तडा दोन वर्षांपासूनचा होता. मला ठाऊक होता, थावरालाही ठाऊक होता.

रणजीत वाकला, बराच वेळ बघत राहिला. उठल्यावर त्यानं मामाकडे पाहिलं नाही. "संगणकावरच करू," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी थावरानं मला गॅरेजात नेलं आणि तो भाग बदलून घेतला. प्रवाशांना मात्र काही सांगितलं नाही.

चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेरा फक्त रिकाम्या पुलाकडे लावला होता. प्रतिक्षानं पुलाच्या टोकाला स्टीलची एक चकचकीत वाटी पालथी ठेवली आणि तिचा फोटो काढला. वाटीच्या पाठीवर आभाळ दिसत होतं, ऊन कुठून येतंय ते दिसत होतं. तेच ऊन तिला संगणकातल्या जीपवर पाडायचं होतं. मी तेव्हा बाभळीखाली उभी होते.

पुढं तीन आठवडे थावरा दुपारी मला गुरुजींच्या दारात लावून आत जायचा. खिडकीतून मला प्रतिक्षाच्या संगणकाचा पडदा दिसे. त्यात दुसरी जीप होती, माझ्या पोच्यांसकट. पहिल्यांदा उडाली तेव्हा ती कागदासारखी तरंगली.

"गाडी अशी पडत न्हाई, पोरी," थावरा म्हणाला. "इंजिन म्होरं हाय, आधी नाक खाली जाते. टेकली की पाटे दबतेत, मंग उसळतेत. अन् मागचं दार उघडतंच. कडी ढिली हाय त्याची."

तिनं सगळं लिहून घेतलं. थावरानं मला खड्ड्यांतून हळूहळू नेलं आणि तिनं मोबाइलवर माझे पाटे टिपले. काळ्या घोंगडीसमोर माती उधळून धुरळाही टिपला. तिसऱ्या आठवड्यात उडी बघताना थावराचा पाय नकळत ब्रेक दाबायला गेला. प्रतिक्षा हसली. "झालं काम," म्हणाली.

मंगल कार्यालयात खिडक्यांना चादरी लावून दुपारी चित्रपट दाखवला. उडीला लोक उभे राहिले. बाहेर आल्यावर सगळ्यांनी थावराला घेरलं. "काय उडवली राव!" तो नाही म्हणाला नाही. संध्याकाळी चहाच्या टपरीवर तर स्टेअरिंग कसं धरलं, तेही सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यात कुणी बसलं नाही.

जिवनबाई सेनगावच्या बाजारात बांगड्या विकते. कित्येक वर्षं तिची जागा पुढच्या सीटवर. ती माझ्यासमोरून गेली आणि मागच्या जीपमध्ये चढली. "वढ्यावरून उडवणाऱ्याच्या गाडीत कोण बसंल?" म्हणाली. "अन् गाडी आतून खिळखिळी झाली असंल ते येगळंच."

असे आठ दिवस गेले. थावरा माझ्या काचा पुसत बसायचा. एका वाक्यात मिटणारी गोष्ट होती, पण ते वाक्य त्याच्या तोंडून निघत नव्हतं.

नवव्या दिवशी त्यानं स्वतः प्रतिक्षाला बोलावलं. तिनं लॅपटॉप माझ्या बॉनेटवर ठेवला. आधी रिकामा पूल दिसला, मग त्यावर रंग नसलेली राखाडी जीप, मग रंग, मग धुरळा. गर्दी जमली.

"मंग थावरानं काय केलं?" कुणीतरी विचारलं.

"म्या न्हाई उडवली," थावरा खाली बघत म्हणाला. "मी तवा बाभळीखाली बसलो व्हतो."

लोक हसले. प्रतिक्षा म्हणाली, "पण गाडी पडती कशी, ते काकांनीच शिकवलं मला." ते फारसं कुणाला कळलं नाही. थावराला कळलं. त्यानं मान वर केली.

जिवनबाई वाकून माझ्या चाकांकडे बघत होती. "काही मोडलंबिडलं तर न्हाई ना?"

नुसतं 'न्हाई' म्हणून तो सुटला असता. "तडा व्हता," तो म्हणाला. "दोन वरसं. आता तेवढा भाग बदललाय."

"दोन वरसं मी तशीच बसत व्हते व्हय रं?"

"व्हय."

जिवनबाईनं बदललेला भाग नीट बघून घेतला. मग तिनं बांगड्यांची पेटी पुढच्या सीटवर ठेवली. "पुन्यांदा असं काही झालं तर आधी सांगत जा," म्हणाली आणि चढली.

तिच्यामागं आणखी चौघं चढले. बाकीचे त्या दिवशी आले नाहीत. काही अजूनही येत नाहीत. आता तो चित्रपट कनेरगाव नाक्याकडं, आखाडा बाळापूरकडं दाखवतात म्हणे. पाहिलात तर टाळ्या त्या मुलीसाठी वाजवा. मला टाळ्या नकोत. रस्त्यात दिसले तर नुसता हात करा, मी थांबते.